शंभर टक्के पचनशील

आमच्या घरात पर्यावरण आलं ते दिनूकाकांबरोबर. त्याआधी आम्ही नुसते राहत होतो. दिनूकाका म्हणजे बाबांचे थोरले भाऊ. कोलकात्यातल्या बालीगंजमध्येच, आमच्यापासून दोन गल्ल्या पलीकडे त्यांचा प्रशस्त फ्लॅट होता आणि दर रविवारी सकाळी ते आमच्याकडे पोहे खायला आणि आमचं काय चुकतंय ते सांगायला येत. कंपनीत मोठ्या हुद्द्यावर होते तोवर त्यांचं बरं चाललं होतं, कारण हाताखाली माणसं होती. निवृत्त झाले, हाताखाली कुणी उरलं नाही, तेव्हा त्यांनी पृथ्वी हाताखाली घेतली. पोह्यांवर लिंबू पिळता पिळता ते म्हणत, "आपण तिचे गुन्हेगार आहोत, वसंता." बाबा शाळेत गणित शिकवत, थोरल्या भावासमोर बसताना खुर्चीच्या कडेवर बसत आणि असल्या वाक्यांना मान डोलवत. आई स्वयंपाकघरातून दुसऱ्यांदा पोहे घेऊन येई आणि विचारी, "भाऊजी, आणखी?" गुन्हेगारांच्या घरचे पोहे काकांना फार आवडत.

आता आमच्या घरातला गुन्हा काय होता तेही सांगते. आई बाजारात निघाली की दाराच्या खिळ्यावरची तागाची पिशवी खांद्याला लावायची. ती पिशवी माझ्या जन्माआधीची असावी, तिला तळाशी बाबांच्या जुन्या पँटचं ठिगळ होतं. डाळ, पोहे, साखर ठोंग्यांतून यायची. जुन्या वर्तमानपत्रांच्या चिकटवलेल्या कागदी पिशव्यांना इकडे ठोंगा म्हणतात. मी बंगाली वाचायला शाळेत कमी आणि ठोंग्यांवर जास्त शिकले. डाळ डब्यात ओतली की मी ठोंगा उकलून वाचत बसे, आणि एखादी खुनाची बातमी ऐन रंगात आलेली असताना कागद संपे. मग आई तोच कागद घडी करून शेल्फवर अंथरी. तेल घाण्यावरून आपल्या किटलीत. मोहरीच्या तेलाला आईनं आयुष्यभर नाक मुरडलं, पण ते आणायची किटली मात्र ती चिंच लावून लख्ख घासायची. भांड्यांना राख आणि नारळाची शेंडी. नारळ तर आमच्याकडे इतका लागे की शेजारच्या काकीमा आईला विचारत, तुमच्या गावी भाताऐवजी नारळच पिकतो का. आई गुहागरकडची, तिला ही थट्टा वाटलीच नाही. ती म्हणाली, "हो."

ह्या असल्या घरात येऊन दिनूकाका आम्हाला पृथ्वी वाचवायला शिकवत. स्वतः बाजाराला जाताना ते मोटार काढत. बाजार इतका जवळ की मोटार वळवून लावायला जेवढा वेळ जाई तेवढ्यात माणूस चालत जाऊन परत आला असता. ड्रायव्हर इंजिन चालू ठेवून बसायचा आणि काका वांगी दाबून बघत बसायचे. हातात कापडी पिशवी असे, आणि ती सगळ्यांना दिसेल अशी धरलेली असे. कुठल्याही सभेला गेले की तिथून वर काहीबाही संदेश छापलेली आणखी एक कापडी पिशवी आणत. काकूंच्या कपाटात साड्यांपेक्षा पिशव्या जास्त झाल्या होत्या आणि सगळ्या कोऱ्या, कारण बाजारात जाणारी एकच. दुसऱ्या सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. पण पाषाण निदान गप्प असतो.

हसायला मला काय जातं, असं कुणी म्हणेल. परवाच माझी सून मला बालीगंजच्या एका दुकानात घेऊन गेली. आत थंडगार हवा, सतार वाजतेय, आणि मखमलीवर मांडून ठेवलेली नारळाच्या शेंडीची घासणी. होय, तीच. तिला सुतळीचा फास आणि खाली इंग्रजीत तिची कुळकथा. शालपत्राच्या, म्हणजे साल वृक्षाच्या पानांच्या, पत्रावळीही होत्या, चकचकीत प्लास्टिकच्या वेष्टनात सील केलेल्या. मी त्या दुकानातल्या मुलीला विचारलं, बाई गं, हे वेष्टन कशाला? ती म्हणाली, आतली पत्रावळ खराब होऊ नये म्हणून. सुनेनं माझं कोपर धरून मला बाहेर काढलं. माझी सून चांगली मुलगी आहे. तिचा बांबूचा दातघासणीचा ब्रश खोक्यात, खोकं फुग्यांच्या प्लास्टिकमध्ये आणि ते आणखी एका खोक्यात, असा घरी येतो. मी काही बोलत नाही. एकट्या दिनूकाकांनी माझ्या वाट्याचं सगळं बोलून ठेवलंय.

असो. सांगायचं आहे ते मोदकांचं.

कोलकात्यात मराठी माणसं मूठभर, आणि त्या मुठीतही दोन बोटं वेगळी. एक, इथं तीन-तीन पिढ्या मुरलेली घराणी, वकील, डॉक्टर, प्राध्यापक, ज्यांचं मराठी जरा बंगाली चालीवर चालतं. दुसरी, नोकरीसाठी आलेली, दर सुट्टीत पुण्या-मुंबईला पळणारी. आई ह्या दोन्हींत बसत नव्हती. लग्न करून ती जुन्या घराण्यात आली, पण जुन्यांना ती खेड्यातली वाटे आणि नव्यांना ती काकू वाटे. हळदीकुंकवाला बायका तिच्याशी गोड बोलत आणि तिच्या बोलण्यातलं "मला माहीत नाय" घरी जाऊन एकमेकींना ऐकवत. हे तिला कळत होतं. एकाच दिवशी हे सगळं थांबायचं, गणेश चतुर्थीला. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीचा नैवेद्य आणि पंगतीचे उकडीचे मोदक आईकडे असत. गोबिंदभोग तांदळाची उकड ती असली काढायची की तिच्या हातच्या पाऱ्या बघायला त्या प्राध्यापकांच्या बायका दारात गर्दी करायच्या. त्या दिवशी मंडळाच्या स्वयंपाकघरात आईचा शब्द चाले. "बाजूला व्हा," म्हटलं की वकिलीणबाई बाजूला व्हायच्या. वर्षभराचं ती त्या एका दिवसात वसूल करून घ्यायची. शेजारच्या काकीमा दरवर्षी विचारत, तुमचा गणेश आईला सोडून एकटाच कसा येतो गं, आमचा तर दुर्गेबरोबर येतो. आई म्हणायची, "त्याला मोदक खायचे असतात."

त्या वर्षी श्रावणात मंडळाची सभा झाली. मी आईबरोबर गेले होते. अध्यक्ष देवधरबाई होत्या. जुन्या घराण्यातल्या, पांढरी खादी नेसणाऱ्या, मोजकं बोलणाऱ्या. दिनूकाका कार्यवाह. ते उभे राहिले आणि त्यांनी जाहीर केलं की यंदाचा गणेशोत्सव पर्यावरणपूरक होणार. टाळ्या पडल्या. मग त्यांनी सांगितलं की केळीची पानं आणि शालपत्राच्या पत्रावळी बंद. का, तर पानं झाडाची असतात. पान तोडणं म्हणजे झाडाचा श्वास तोडणं. हे सांगताना त्यांचा आवाज दाटून आला होता. दरवर्षी आई आणि मी सियालदहच्या बाजारात जाऊन पानं आणायचो. लोकल गाड्यांतून गावाकडच्या बायका डोक्यावर पानांचे भारे घेऊन उतरत, आणि केळीचं झाड पान कापल्यावर नवं पान काढतं एवढं तिथल्या शेळीलाही ठाऊक होतं. पण काकांना कोण सांगणार. त्यांनी टेबलाखालून एक गठ्ठा काढला. हिरव्यागार, प्लास्टिकसारख्या पिशव्या, वर पानाचं चित्र, खाली ठळक बंगाली अक्षरं. त्यांच्या मेहुण्याच्या ओळखीतून आल्या होत्या. प्रसाद ह्यातून वाटायचा, ताटावर ह्याच कापून अंथरायच्या, सगळं ह्याच.

आईनं हात वर केला. सभेत तिनं हात वर केलेला मी पहिल्यांदाच पाहिला. "भाऊजी, मोदकपात्रात पान घालते मी खाली. त्याच्या जागी काय घालू?"

"हीच घाल. कापून घाल."

"वाफेला चालेल?"

काका हसले. लहान मुलाला समजवावं तसे म्हणाले, "शालिनी, अगं, ही शंभर टक्के पचनशील आहे. वरती लिहिलंय बघ."

पुण्याहून नुकताच नोकरीला आलेला एक तरुण मागून म्हणाला, "काका, म्हणजे पिशवी खायची का?" सगळे हसले. काकाही हसले, कारण तो विनोद त्यांना कळलाच नाही. ते घरात मराठी बोलत, पण विचार बंगालीत करत आणि स्वतःला दोन्ही भाषांचे पंडित समजत. आईनं मात्र पिशवी हातात घेतली, उलटसुलट केली, हुंगली आणि माझ्याकडून ती अक्षरं वाचून घेतली. पचनशील, मी वाचलं. मला दोन्ही अर्थ सवयीचे, त्यामुळे एकही खटकला नाही. आई म्हणाली, "बरं तर." देवाच्या नैवेद्याची गोष्ट आहे, थोरला दीर भर सभेत सांगतोय की पोटात गेली तरी पचेल अशी पिशवी आहे, मग शंका घेणारी ती कोण?

चतुर्थीला पहाटेपासून मंडळाच्या स्वयंपाकघरात नारळ आणि गुळाचा वास भरला होता. वेलची आईनं शेवटी घातली, आधी घातली की उडते म्हणून. बायका कळ्या पाडत होत्या आणि आई एकेकीच्या कळ्या मोडून पुन्हा पाडत होती. आरतीची वेळ ठरलेली, म्हणून चारही शेगड्यांवर मोठी पात्रं एकदमच चढली. प्रत्येकात तळाला ती हिरवी पिशवी, नीट कापून, भोकं पाडून. झाकणं लागली. बाहेर टाळ-झांजा सुरू झाल्या. थोड्या वेळानं आईचं नाक हललं. ती नुसतंच म्हणाली, "हे गुळाचं नाय." तिनं पहिलं झाकण काढलं.

पिशवी आकसून मोदकांना चिकटली होती. काहींच्या पोटापर्यंत चढली होती. पांढऱ्याशुभ्र मोदकांवर हिरवे ओघळ, आणि वास असा, की रबराची चप्पल चुलीत पडावी. आईनं एक मोदक उचटला तर त्याचं बूड पात्रातच राहिलं. दुसरा अख्खा निघाला, त्याच्या बुडाला शाई उमटली होती. उलटी अक्षरं, अर्धवट. आरशासमोर धरला असता तर "शील" एवढं वाचता आलं असतं. दुसरं पात्र तसंच. तिसरं, चौथं तसंच. त्या दिवशी गणपतीला देवधरबाईंनी गूळखोबरं दाखवलं आणि पंगतीला कोपऱ्यावरच्या मिठाईवाल्याकडचे संदेश आले.

आरती झाल्यावर दिनूकाका स्वयंपाकघराच्या दारात आले. मागे अख्खं मंडळ. "हे काय करून ठेवलंस, शालिनी?"

"तुम्ही सांगितलंत ते," आई म्हणाली.

"वाफवायला मी कधी सांगितलं?"

चोराच्या उलट्या बोंबा. मी आजूबाजूला पाहिलं. सभेला होती ती सगळी माणसं तिथं होती आणि सगळ्यांना एकाच वेळी विसरायला झालं होतं. तो पुण्याचा तरुण तेवढा म्हणाला, "काका, तुम्ही म्हणाला होतात, पचनशील आहे." त्यावर काकांना खरा धक्का बसला. ते त्याच्याकडे बघत राहिले, मग आईकडे, आणि मग त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू समाधान पसरलं. आपली चूक नसून दुसऱ्याचं अज्ञान आहे हे सापडल्यावर माणसाला होतं ते समाधान.

इथं कोलकात्याबाहेरच्या वाचकाला सांगायला हवं. बंगालीत पचणं म्हणजे सडणं. पचा मासा म्हणजे नासका मासा. नवीन लग्न होऊन आलेल्या आईनं एकदा बाजारात एका पपईवाल्याला कौतुकानं सांगितलं होतं, तुझी पपई चांगली पचते, आणि तो टोपली आपटून भांडायला उठला होता. तर पिशवीवर लिहिलेलं पचनशील म्हणजे कुजून जाणारी. हे बंगाल्याला बरोबर समजतं, पुणेकरानं वाचलंच नसतं. फसायला मराठी माणूसच हवा, तोही इथलाच, आणि फसवायला त्याहून मुरलेला मराठी माणूस हवा.

"पचनशील म्हणजे सडणारं," काका सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "इतकी वर्षं बंगाल्यांत राहून तुला एवढा शब्द येत नाही? म्हणून मी म्हणतो, हे काम जाणत्या माणसांकडे द्यावं. पुढच्या वर्षीपासून केटरर बोलावू."

बाबा खिडकीशी उभे होते, चष्मा पुसत होते. बाबांचा चष्मा नेमका अशाच वेळी मळायचा. मला त्यांचा फार राग आला. ते जाऊन आता बरीच वर्षं झाली, मी त्यांची रोज आठवण काढते, पण त्या खिडकीतल्या बाबांचा राग अजून गेलेला नाही. आईच्या हातून ते स्वयंपाकघर निसटत चाललं होतं. वर्षातला तिचा तो एक दिवस चालला होता, आणि तो ज्यांच्यासमोर तिनं मिळवला त्यांच्यासमोरच.

आई पदराला हात पुसत म्हणाली, "सडणारं म्हणता?"

"मातीत घातलं की सडतं. सहा महिन्यांत माती होते."

"आणि सडणाऱ्या वस्तूवर देवाचा नैवेद्य ठेवा म्हणून तुम्ही सांगितलंत."

बायकांत खसखस पिकली. काका लाल झाले. कुणीतरी घाईघाईनं सुचवलं की प्रसादाचं वाया जायला नको, मोदक गोठ्यात गाईंना नेऊन द्यावेत. आई त्या माणसाकडे वळली. "तुम्हाला पचत नाय ते मुक्या जनावराला कसं पचेल?" मग ती देवधरबाईंना म्हणाली, "बाई, हे सगळं मी इथंच पुरते. पुढच्या चतुर्थीला उकरू. पिशवी सडली असली तर मी ह्या चुलीला पुन्हा हात लावणार नाय. नसली सडली तर इथला मोदक माझ्या हातचा."

देवधरबाईंनी काकांकडे पाहिलं. इतक्या लोकांत काका दुसरं काय म्हणणार. "जरूर," ते म्हणाले. "विज्ञानाला प्रयोगाची भीती नसते."

मंडळाच्या अंगणात, पारिजातकाखाली आईनं खड्डा खणला. रेशमी लुगडं खोचून, माळ्याचं खुरपं घेऊन, स्वतः. पुढे आलेल्या कुणाला तिनं हात लावू दिला नाही. मराठे चालून येतील म्हणून ह्या शहरानं एके काळी बागबाजारपासून खंदक खणायला घेतला होता, आणि काकीमा अजूनही मला लाडानं बर्गी, म्हणजे लुटीला येणारा मराठा स्वार, म्हणत. तर मराठ्यांसाठी कोलकात्यात खणलेला दुसरा खड्डा माझ्या आईचा. मोदक, चिकटलेल्या पिशव्या, उरलेला कोरा गठ्ठा, सगळं तिनं त्यात घातलं आणि पायानं माती दाबली.

वर्षभर आई ह्या विषयावर अवाक्षर बोलली नाही. दिनूकाका बोलले. रविवारी पोहे खाताना बोलले, लग्नमुंजीत बोलले, जिथं चार मराठी टाळकी भेटली तिथं भावजयीची, म्हणजे माझ्या आईची, पचनशीलची गोष्ट सांगून हसले. आमच्या घरातल्या बायका अजून पर्यावरणाच्या बाबतीत अशा आहेत, असं शेवटी म्हणायचे. बाजारात एखादी ओळखीची बाई आईला हसून विचारायची, काय शालिनीताई, पचलं का? आई म्हणायची, "बघू." रात्री कधी तिची झोप मोडली की ती उठून पाणी प्यायची आणि खिडकीशी उभी राहायची. मला वाटायचं, तिला भीती वाटतेय. पिशवी सडली असली तर? काकांसारखी माणसं चुकूनमाकून बरोबरही असतात, तीच तर त्यांच्यातली वाईट गोष्ट.

चतुर्थी आली. त्या दिवशी आई अंधारात उठली आणि तिनं घरीच उकड काढली. मी म्हटलं, "आई, पैजेचा निकाल अजून लागायचाय." ती म्हणाली, "गणपतीला त्याचं काय?" केळीचं पान तिनं आदल्या दिवशीच आणून ठेवलं होतं. मोदकांचा मोठा पितळी डबा फडक्यात बांधला, तो बाबांच्या हातात दिला. बाबा तो मांडीवर घेऊन टॅक्सीत बसले.

मंडळात केटररची माणसं स्वयंपाकघरात फिरत होती. थर्माकोलच्या ताटांच्या थप्प्या लागल्या होत्या. थर्माकोल काकांना चालत होतं, कारण ते झाडाला लागत नाही. त्यांची त्या वर्षीची नवी कामगिरी दारातच मांडलेली होती. दोन मोठे डबे, एक हिरवा, एक निळा. हिरव्यावर बंगालीत पचनशील, निळ्यावर अपचनशील. पाहुण्यांना ते स्वतः समजावून सांगत होते की कुठला कचरा कुठं.

आई सरळ पारिजातकाखाली गेली. माणसं जमली. काका आले, देवधरबाई आल्या. माती पावसानं मऊ झाली होती. खुरपं दोन-तीनदा आत गेलं आणि मोदकांचा मागमूस नव्हता. तांदूळ, खोबरं, गूळ, सगळं गेलेलं, जागी काळीभोर भुसभुशीत माती आणि गांडुळं. आणखी खाली गेल्यावर हिरवं दिसलं. आईनं धरून ओढलं. वाफेत आकसलेले तुकडे तसेच आकसलेले होते आणि कोरा गठ्ठा तसाच कोरा होता. वरची एक पिशवी तिनं अंगणातल्या नळाखाली धरली. चिखल वाहून गेला, पानाचं चित्र वर आलं. आईनं ती माझ्याकडे दिली. "वाच."

"शंभर टक्के पचनशील," मी वाचलं. जरा मोठ्यानंच वाचलं.

सगळे काकांकडे बघत होते. काकांनी पिशवी लांबूनच न्याहाळली, वाकून खड्डा पाहिला, चिमूटभर माती बोटांत चोळली. "ही माती बरोबर नाही," ते म्हणाले. "ह्याला विशिष्ट माती लागते. परदेशात असते तशी."

देवधरबाई म्हणाल्या, "दिनकरराव, मोदक ह्याच मातीत गेले ना?"

"मोदकांचं वेगळं आहे. हा विषय आपण कार्यकारिणीच्या सभेत घेऊ. आता पंगतीची वेळ—"

तेव्हा बाबा पुढे झाले. डबा त्यांनी आधी नीट पारावर ठेवला. माझ्या हातातली पिशवी घेतली, ओली, चिखलाचं पाणी गळणारी, आणि थोरल्या भावाच्या हातात दिली. "दादा," ते म्हणाले, "ही तुझी. तूच टाक."

काकांनी ती घेतली. घेतली म्हणजे बाबांनी हात मागे घेतला आणि ती त्यांच्या हातात राहिली. पांढराशुभ्र झब्बा घातलेले दिनूकाका दाराकडे निघाले आणि दोन डब्यांपाशी थांबले. हिरव्या डब्याकडे पाहिलं. निळ्या डब्याकडे पाहिलं. आम्ही सगळे अंगणात उभे राहून बघत होतो. हिरव्यात टाकावी तर ती सडलेली नव्हती. निळ्यात टाकावी तर वर्षभराची बडबड तिच्याबरोबर आत जाणार होती. पिशवीतून पाणी त्यांच्या चपलेवर टपकत होतं. शेवटी त्यांनी तिची घडी घातली, आणखी एक घडी घातली, आणि झब्ब्याच्या खिशात ठेवली.

आई तोवर स्वयंपाकघरात गेली होती. "बाजूला व्हा," असं ती केटररच्या माणसांना तिच्या मोडक्या बंगालीत सांगत होती आणि ते होत होते. देवधरबाईंनी स्वतः तिला चूल मोकळी करून दिली. तिनं डब्यातले मोदक पुन्हा वाफेला लावले, एकवीस देवापुढे ठेवले, आरती झाली, पंगत बसली. दिनूकाका पंगतीत बसले होते. खिशापाशी झब्ब्यावर ओला डाग पसरत होता आणि ते त्यावर हात ठेवून बसले होते. आई वाढत वाढत त्यांच्यापर्यंत आली. तिनं त्यांच्या थर्माकोलच्या ताटात केळीच्या पानाचा तुकडा मांडला, त्यावर मोदक ठेवला, मोदकाचं नाक फोडून आत तूप सोडलं.

"घ्या, भाऊजी," ती म्हणाली. "हा पचेल."